‘होईल किंवा होणार नाही’ एवढ्यावर भागत नाही : संभाव्यतेवरील आक्षेपांचा प्रतिवाद

संभाव्यतेविरुद्धचा एक युक्तिवाद गेली काही वर्षे निरनिराळ्या रूपांत पुढे धाडला जात असतो आणि पावसाळा किंवा निवडणूक जवळ आली की त्याला ऊत येतो. त्याचा आशय थोडक्यात असा: कोणतीही घटना एक तर घडते किंवा घडत नाही, त्यामुळे खरी शक्यता नेहमी पन्नास-पन्नासच असते, हवामान खाते ७० टक्के म्हणते ते पाऊस पडला तरी आणि न पडला तरी आपलेच खरे ठरावे म्हणून, ९९ टक्के अचूक म्हणवणाऱ्या तपासण्या निरोगी माणसाला रोगी ठरवतात, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर दोन वर्षांत दोनदा येतो, आइन्स्टाइनने तर ही कल्पनाच नाकारली होती, आणि संभाव्यता म्हणजे काय यावर खुद्द तज्ज्ञांचेही एकमत नाही. तात्पर्य, संभाव्यता ही आकड्यांचा वेश घेतलेली पळवाट आहे.

या युक्तिवादातील बरीच उदाहरणे खरी आहेत, म्हणूनच तो पटतो. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक ठिकाणी अपूर्णांकाचा अंश वाचला गेला आहे आणि छेद गाळला गेला आहे. ७० टक्के म्हणजे कशापैकी ७० टक्के, हे सांगितल्यावाचून ते विधान पुरे होत नाही. आणि ते सांगितले की त्याच विधानाची कसून परीक्षा घेता येते.

पन्नास-पन्नासच्या आक्षेपाचे उत्तर १६५४ सालापासून उपलब्ध आहे. त्या वर्षी ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञांमध्ये झालेल्या पत्रव्यवहारात एका अर्धवट राहिलेल्या खेळाचा प्रश्न होता. दोघा खेळाडूंनी प्रत्येकी ३२ नाणी लावली आहेत, जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी रक्कम मिळायची आहे, आणि एकाचे दोन व दुसऱ्याचा एक डाव झालेला असताना खेळ थांबवावा लागला आहे. तर ६४ नाणी कशी वाटावीत? पहिला खेळाडू ‘एक तर जिंकेल किंवा हरेल’ हे खरेच आहे, पण म्हणून दोघांना निम्मी-निम्मी द्यावीत असे त्या खेळाडूसमोर कोणी म्हणू धजणार नाही. पास्कलने दाखवले की पुढचा डाव हरला तरी पहिला बरोबरीत राहतो, म्हणजे ३२ नाणी त्याची पक्की आहेत. उरलेल्या ३२ साठी दोघांना सारखी संधी आहे, म्हणून वाटणी ४८ आणि १६ अशी व्हावी. पर्याय दोन असणे आणि ते तुल्यबळ असणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि संभाव्यतेचे गणित या दोहोंतील अंतर मोजण्यासाठीच जन्माला आले.

हवामानाच्या अंदाजाचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यात अप्रामाणिकपणाचा आरोप आहे. एका दिवसाच्या पावसावरून ७० टक्क्यांचा अंदाज खरा की खोटा हे ठरत नाही, हे मान्य. पण अंदाज रोज दिला जातो आणि रोज लिहून ठेवता येतो. ज्या ज्या दिवशी ७० टक्के सांगितले ते सगळे दिवस एकत्र केले आणि त्यांपैकी सत्तरेक टक्के दिवशी पाऊस पडला, तर अंदाज देणारा खरा. चाळीस टक्के दिवशीच पडला, तर तो उघडा पडतो. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये याच कामासाठी एक साधे माप सुचवले. पाऊस पडला तर १ आणि न पडला तर ० धरायचे, त्यातून सांगितलेली संभाव्यता वजा करायची आणि येणाऱ्या फरकाचा वर्ग करून बऱ्याच दिवसांची सरासरी काढायची. सरासरी जितकी कमी, तितका अंदाज चांगला. ७० टक्के सांगितले आणि पाऊस आला तर दंड, म्हणजे हा वर्ग, ०.०९, नाही आला तर ०.४९. म्हणजे दोन्ही बाजूंनी सुटका होते हा समज या मापापुढे टिकत नाही. चुकीच्या बाजूला पाचपटीहून अधिक भुर्दंड बसतो. आता रोज डोळे मिटून पन्नास टक्के म्हणणारा घ्या. त्याला दररोज ०.२५ दंड होतो, मग तो जुलै असो की जानेवारी. मुंबईत जानेवारीभर ‘एक टक्का’ म्हणणाऱ्याचा कोरड्या दिवसाचा दंड ०.०००१ असतो. खरी शक्यता नेहमी पन्नास-पन्नासच असते असे मानणाऱ्यांनी एक वर्षभर हा हिशेब ठेवून पाहावा.

याच संदर्भात आपल्याकडच्या एका घोटाळ्याकडे लक्ष वेधले पाहिजे: टक्क्यांत सांगितलेली प्रत्येक गोष्ट संभाव्यता नसते. भारतीय हवामान विभागाने २०२४ च्या एप्रिलमध्ये मोसमी पाऊस १०६ टक्के होईल असे सांगितले, तेव्हा शंभराहून अधिक शक्यता असते तरी कशी, अशी थट्टा झाली. ते १०६ टक्के पावसाच्या प्रमाणाविषयी होते. १९७१ ते २०२० या काळातील जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या १०६ टक्के म्हणजे सुमारे ९२ सेंटिमीटर, आणि तेही पाच टक्के इकडे-तिकडे होऊ शकते अशा स्पष्ट पुस्तीसह. तसेच रोजच्या अंदाजातील ‘तुरळक ठिकाणी’ ही मोघम शब्दयोजना वाटते, पण तिचा अर्थ ठरलेला आहे: त्या विभागातील जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातील कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही, हे आठवले की केंद्रांचा उल्लेख का करावा लागतो ते कळते.

वैद्यकीय तपासणीच्या आक्षेपात छेदाचा घोळ सर्वांत स्पष्ट दिसतो. समजा, एखादी तपासणी रोग्यांपैकी ९९ टक्के लोकांना बरोबर ओळखते आणि निरोग्यांपैकी ९९ टक्के लोकांना बरोबर सोडून देते. हजारात एकाला असलेल्या रोगासाठी ती सरसकट एक लाख लोकांवर वापरली, तर १०० रोग्यांपैकी ९९ सापडतील. पण ९९,९०० निरोग्यांपैकी ९९९ जणांचाही अहवाल पॉझिटिव्ह येईल. एकूण १,०९८ पॉझिटिव्ह अहवालांत खरे रोगी ९९, म्हणजे जेमतेम नऊ टक्के. तपासणी तीच, पण डॉक्टरांनी लक्षणे पाहून निवडलेल्या आणि वीस टक्के लोकांना खरोखर रोग असलेल्या गटावर वापरली, तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९६ टक्के लोक रोगी निघतात. ‘रोग्यांपैकी किती पॉझिटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्हपैकी किती रोगी’ हे निराळे प्रश्न आहेत; पहिल्याचे उत्तर तपासणीच्या खोक्यावर छापता येते, दुसऱ्याचे येत नाही. थॉमस बेझ याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने एका उत्तरावरून दुसऱ्याकडे जाण्याचा मार्ग दाखवला. तेव्हा निरोगी माणसाचा अहवाल पॉझिटिव्ह आला यावरून संभाव्यतेचे शास्त्र खोटे ठरत नाही. असे किती वेळा होईल हे त्याच शास्त्राने आधी सांगितलेले असते, आणि म्हणूनच पहिल्या अहवालावर न थांबता दुसरी, निराळ्या प्रकारची तपासणी केली जाते.

हाच घोळ न्यायालयात झाला तर काय होते, याचा दाखला इंग्लंडमध्ये आहे. सॅली क्लार्क या महिलेची दोन अर्भके एकामागून एक दगावली आणि तिच्यावर खुनाचा खटला चालला. साक्षीसाठी आलेल्या नामवंत बालरोगतज्ज्ञाने सांगितले की तिच्यासारख्या घरात एका अर्भकाचा अकस्मात नैसर्गिक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोघांची ७ कोटी ३० लाखांत एक. १९९९ मध्ये तिला दोषी ठरवण्यात आले. यात चुका दोन होत्या. एकाच आईवडिलांची दोन मुले आनुवंशिक आणि घरगुती कारणांनी जोडलेली असतात, त्यामुळे दोन शक्यतांचा सरळ गुणाकार करता येत नाही. त्याहून मोठी चूक अशी की ७ कोटींत एक हा आकडा तिच्या निर्दोष असण्याची शक्यता म्हणून ऐकला गेला. आईने दोन्ही मुलांचा खून करणे हीदेखील अतिशय विरळ घटना आहे. तुलना करायची तर या दोन विरळ शक्यतांची एकमेकींशी करायला हवी होती. २००१ मध्ये ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून या आकड्याला हरकत घेतली. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली ती मुख्यतः बचाव पक्षापासून लपून राहिलेल्या वैद्यकीय अहवालामुळे. तरी आकड्याची चूक चव्हाट्यावर आणण्याचे काम संख्याशास्त्रज्ञांनीच केले होते. या प्रकरणावरून संभाव्यतेला न्यायालयाबाहेर ठेवा असे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे की अन्याय गणित अर्धवट केल्याने झाला आणि पुरे केल्याने तो दिसला.

पुराचा आक्षेप शब्दप्रयोगामुळे उद्भवतो, आणि त्याचा दोष मी अभियंत्यांकडेही देईन. ‘शतवार्षिक पूर’ म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर. शंभर वर्षांची पाळी लावून येणारा पाहुणा नव्हे. तीस वर्षे राहण्यासाठी घर बांधले तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के आहे, आणि पूर्ण शंभर वर्षांतही ती १०० नसून ६३ टक्केच आहे. शिवाय हा एक टक्का जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. पाऊस, नदीपात्रातील बांधकामे आणि धरणांतील विसर्ग यांचे मान बदलले की जुना छेद लागू पडत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठी २००५, २०१९ आणि २०२१ अशी तीन वेळा मोठी हानी झाल्यावर जुन्या पूररेषेविषयी शंका घेणे रास्तच आहे, पण ती शंका संभाव्यतेच्याच भाषेत मांडावी लागते.

विरळ घटना घडली म्हणजे काहीतरी काळेबेरे असले पाहिजे, हा समज क्रिकेटमध्येही दिसतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यापासून ९ मार्च २०२५ च्या चॅम्पियन्स करंडक अंतिम सामन्यापर्यंत भारताने एकदिवसीय सामन्यांत सलग १५ नाणेफेकी गमावल्या. ठरावीक १५ नाणेफेकी हरण्याची शक्यता ३२,७६८ मध्ये एक, म्हणून नाण्याविषयी शंका घेतल्या गेल्या. परंतु ही मालिका कोणी आधी निवडून ठेवलेली नव्हती; ती घडल्यावर नजरेत भरली. तोवर साडेचार हजारांहून अधिक एकदिवसीय सामने झाले होते आणि प्रत्येकात एक संघ नाणेफेक हरतोच. त्या साऱ्या इतिहासात कोणत्यातरी संघाच्या वाट्याला असे दुर्दैव येण्याची शक्यता माझ्या ढोबळ हिशेबाने सातात एकच्या आसपास निघते. ‘आता तरी जिंकायलाच हवी’ ही अपेक्षाही तितकीच निराधार, कारण सोळाव्या वेळीही शक्यता निम्मीच असते.

आइन्स्टाइनचा दाखला देणाऱ्यांनी त्याचे काम पाहिलेले दिसत नाही. १९२६ मध्ये माक्स बॉर्नला लिहिलेल्या पत्रात ईश्वर फासे टाकत नाही अशा अर्थाचे त्याने लिहिले हे खरे. त्याचा आक्षेप पुंजयामिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) संभाव्यता अंतिम मानण्याला होता. पाण्यातील सूक्ष्म कणांच्या अस्थिर हालचालीचा त्याचा १९०५ चा सिद्धांत संभाव्यतेवरच उभा आहे. आणि अंतिम शब्दाविषयी म्हणाल, तर ज्या प्रयोगांनी त्याची या बाबतीतली अपेक्षा खरी ठरत नाही असे दाखवले, त्यांबद्दल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले.

तज्ज्ञांचे एकमत नाही, हा आक्षेप वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे. रिचर्ड फॉन मिझेससाठी संभाव्यता म्हणजे दीर्घ मालिकेतील वारंवारता. फ्रँक रॅम्से आणि ब्रुनो द फिनेत्ती यांच्यासाठी ती माणसाच्या विश्वासाची सुसंगत मोजणी. हा मतभेद क्षेत्रांच्या गरजांतून येतो. विमा कंपनीकडे लाखो आयुष्यांच्या नोंदी असतात, त्यामुळे वारंवारता तिला पुरते. भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीच्या गाभ्याविषयी अनुमान करणाऱ्या हॅरल्ड जेफ्रीजसमोर पृथ्वी एकच होती, त्यामुळे वारंवारता मोजायला मालिकाच नव्हती. जेफ्रीज आणि शेतीप्रयोगांचे शास्त्र घडवणारा रोनाल्ड फिशर यांचा वाद १९३० च्या दशकात चांगलाच रंगला होता. याच जेफ्रीजकडे केंब्रिजमध्ये संशोधन करून आलेले कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार पुढे पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. पण अर्थावर भांडणारे हे सगळे लोक बेरीज-गुणाकाराचे नियम तेच वापरतात, जे आंद्रेई कोल्मोगोरोव्ह या रशियन गणितज्ञाने १९३३ मध्ये स्वयंसिद्धांच्या रूपात मांडले. मतभेद आहे तो आकडा कशाविषयी बोलतो याबद्दल; हिशेब कसा करावा याबद्दल नाही.

एका ठिकाणी मात्र या युक्तिवादाला सूर सापडला आहे: समूहाचा आकडा एकट्या माणसाला लावला की त्याच्यावर अन्याय होऊ शकतो. पीकविम्याचेच पाहा. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक (रँडम) निवडीवर आधारलेले पीक कापणी प्रयोग देशात रुजवले. गाव, शेत आणि शेतातील कापणीचा तुकडा कोणी पसंतीने न निवडता यादृच्छिक अंकांनी निवडायचा, म्हणजे थोड्या शेतांवरून मोठ्या भागाचे उत्पन्न आणि त्यातील संभाव्य चूकही सांगता येते. ही पद्धत भागाच्या सरासरीसाठी आहे आणि त्या कामी ती उत्तम आहे. विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरली की, मंडळात पीक बरे आले पण आपले रान वाहून गेले अशा शेतकऱ्याला त्या सरासरीतून काहीच मिळत नाही, आणि त्याची तक्रार खोटी नसते. मंडळाचा छेद धरून काढलेला आकडा त्याच्या सातबाऱ्याविषयी काही म्हणत नाही. त्यासाठी घटक लहान करून प्रयोगांची संख्या वाढवावी लागते किंवा त्याच्या शेताचा वेगळा पंचनामा करावा लागतो. त्याला खर्च येतो, आणि तो कोणी करायचा हे गणितातून निघत नाही.