ओढ्यातला प्रत्येक सुरकुतलेला बेडूक ‘हुमायूनी’ नव्हे

पावसाळा आला की समाजमाध्यमांवर बेडकांविषयीचा एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्यातील दावे थोडक्यात असे: ‘बॉम्बे नाईट फ्रॉग’ हा बेडूक २०१६ साली नव्याने सापडला, तो महाराष्ट्रापासून केरळपर्यंत पश्चिम घाटाच्या सर्व ओढ्यांत आढळतो, त्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या जाती म्हणजे डीएनएच्या आधारे पाडलेले कागदी तुकडे आहेत, आणि त्याचे नर-मादी एकमेकांना स्पर्शही न करता प्रजनन करतात. प्रत्येक दाव्यात सत्याचा थोडा अंश आहे, म्हणून ते सहज पटतात. जसाच्या तसा मात्र त्यांपैकी एकही टिकत नाही.

पहिला दावा लवकर निकालात निघतो. ‘बॉम्बे नाईट फ्रॉग’चे शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायूनी. या जातीचे वर्णन भादुरी आणि कृपलानी यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले आणि तिला मुंबईचे पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचे नाव दिले. २०१६ साली जगापुढे आले ते या बेडकाचे प्रजननवर्तन.

दुसरा दावा अधिक नुकसान करणारा आहे, कारण त्यामुळे छायाचित्रांखाली सर्रास चुकीची नावे पडतात. ओढ्यात दगडाच्या कपारीत बसलेला, सुरकुतलेल्या कातडीचा, चौकटच्या आकाराची उभी बाहुली असलेला बेडूक दिसला, की तो ‘नाईट फ्रॉग’ असल्याचे आपण बहुधा बरोबर ओळखलेले असते. परंतु ही लक्षणे निक्टिबॅट्रॅकस या संपूर्ण प्रजातीची, म्हणजे अनेक जातींच्या गटाची आहेत, हुमायूनी या एका जातीची नाहीत. ही प्रजाती केवळ पश्चिम घाटात आढळते आणि घाटाच्या बऱ्याच मोठ्या लांबीवर पसरलेली आहे, हे खरे. हुमायूनीचा पसारा मात्र महाराष्ट्रातील सह्याद्रीपुरता आहे. गोव्याच्या सीमेलगत कर्नाटकातील कॅसलरॉक येथील बेडकाचे निक्टिबॅट्रॅकस पेट्रियस ही वेगळी जाती म्हणून २००५ साली वर्णन झाले. आणखी दक्षिणेकडे जोगच्या परिसरातील जाती २०११ साली, तर उत्तर कन्नड जिल्ह्यातील ‘कुंभारा’ २०१४ साली नोंदवली गेली. इतकेच काय, महाराष्ट्रातही हुमायूनी एकटा नाही: निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांच्या नावाने ओळखली जाणारी डॅनियली ही जातीही इथलीच आहे. त्यामुळे छायाचित्र साताऱ्याचे आहे एवढ्यावरून नाव ठरत नाही, आणि ते केरळातले असेल तर हुमायूनी हे नाव विचारात घेण्याचेही कारण नाही.

एकाच घाटात इतक्या वेगवेगळ्या जाती का, हे या बेडकांच्या राहणीवरून समजते. त्यांचे आयुष्य वाहत्या, सावलीतल्या पाण्याच्या आसपास जाते. अंडी पाण्यावर झुकलेल्या पानांवर वा खडकांवर घातली जातात आणि त्यांतून निघालेली पिल्ले खाली ओढ्यात पडतात. अशा प्राण्याला दोन डोंगररांगांमधला कोरडा सखल पट्टा ओलांडणे अवघड असते. केरळ-तमिळनाडू सीमेवरील पालघाटच्या खिंडीसारखी रुंद फट तर पश्चिम घाटातील अनेक उभयचरांसाठी सीमारेषाच ठरली आहे. लाखो वर्षे दोन बाजूंना अलग राहिलेले बेडूक वरवर सारखे दिसले, तरी एकच जाती राहतात असे नाही.

यातूनच तिसऱ्या दाव्याचे उत्तर मिळते. या प्रजातीचा मोठा आढावा उभयचरांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला आणि त्यात बारा नव्या जातींचे वर्णन केले. तो केवळ जनुकीय अंतरावर उभा नाही. शरीराची मापे, कातडीची ठेवण, बोटांमधील पडदे आणि संग्रहालयांतील जुने नमुने यांची तुलनाही त्यात आहे. शिवाय, ज्याला नावांची संख्या फुगवायची आहे, त्याने जुनी नावे शोधत बसण्याचे कारण नव्हते. प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली वर्णिलेला कूर्गचा नाईट फ्रॉग याच अभ्यासात दीर्घ काळानंतर पुन्हा सापडला. २०१७ साली आणखी सात जातींची भर पडून संख्या २८ वरून ३५ झाली. त्यांतील चार बेडूक पूर्ण वाढ होऊनही १८ मिलिमीटरपेक्षा लहान आहेत. त्यांना हुमायूनीचे ‘तुकडे’ म्हणणे धारिष्ट्याचेच आहे. नव्या पुराव्याने यांतील एखादे नाव पुढे रद्दही होऊ शकेल, परंतु त्यासाठी तितकाच तपशीलवार पुरावा द्यावा लागेल.

उरला स्पर्शाचा मुद्दा. २०१६ च्या शोधनिबंधातील निरीक्षणे सातारा जिल्ह्यातील हुंबर्ली येथे झाली. त्यांत नर मादीच्या पाठीवर चढतो. मात्र बहुतेक बेडकांप्रमाणे तिला मिठी न मारता तो हात पानावर, फांदीवर किंवा जमिनीवर टेकवतो. शुक्राणू तिच्या पाठीवर सोडून तो बाजूला होतो, त्यानंतर मादी अंडी घालते आणि पाठीवरून ओघळणाऱ्या शुक्राणूंनी ती फलित होतात. म्हणजे स्पर्श होतो; प्रत्यक्ष फलनाच्या क्षणी तो नसतो, एवढेच निबंधाचे म्हणणे आहे. बातम्यांच्या मथळ्यांनी त्यातला ‘फलनाच्या क्षणी’ हा भाग गाळला. मादीही साद घालते, ही बेडकांमध्ये विरळ असलेली नोंद त्याच निबंधात आहे, पण ‘नवे आसन’ म्हणून रंगलेल्या बातम्यांत तिला फारशी जागा मिळाली नाही.

हे वर्तन सगळ्या नाईट फ्रॉगांना लावण्याचीही सोय नाही. कुंभारा जातीचा नर अंड्यांवर हाताने चिखल लिंपतो. हुंबर्लीच्या निरीक्षणांत असे लिंपण नाही. तेव्हा उत्तर कन्नडमधील छायाचित्राखाली हुमायूनीचे वर्तन चिकटवणारा मजकूर बेडूकही चुकवतो आणि त्याची रीतही.