शिंगराला शिकवा लवकर, पाठीवर बसा उशिरा

दादा, चार वर्षांचा होईस्तोवर घोड्यावर बसू नका, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. चार वर्षांचा होईस्तोवर घोडा नुसता पोसणं शेतकऱ्याला परवडत नाही, तोवर तो हट्टी होतो आणि शर्यतीचे घोडे तर दोन वर्षांचे असतानाच पळतात, असं तुम्ही म्हणता.

नुसतं बांधून ठेवायला माझाही सक्त विरोध आहे. वाढत्या हाडाला हालचाल लागतेच, शिंगरू रानात मोकळं धावलंच पाहिजे. माझा आक्षेप आहे तो पाठीवरच्या वजनाला. पुढच्या गुडघ्याच्या वरचं हाड साधारण अडीच वर्षांत वाढून पुरं होतं, पाठीचे मणके मात्र पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत पक्के होत असतात. आणि खोगीर तिथंच बसतं.

हट्टीपणा येतो तो काहीच न शिकवल्यामुळे. खूर उचलून देणं, मोरकी धरून सोबत चालणं, ट्रॅक्टर शेजारून गेला तरी उभं राहणं, हे पहिल्या दोन वर्षांतच व्हायला हवं. मग लांब दोऱ्या धरून मागून चालवायचं. बसायची वेळ आली की आधी पाठीवर नुसतं पोटावर आडवं व्हायचं, तेही क्षणभर. कान इकडेतिकडे हलताहेत, जबडा सैल आहे, तर ठीक. श्वास रोखून पाठ ताठ केली की लगेच उतरायचं.

तोंडाचंही बघा. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दुधाचे दात पडू लागतात, दाढाही बदलतात. हिरडी दुखत असताना लगाम लागला की शिंगरू मान झटकतं आणि आपण चाबूक उचलतो. फार वाईट वाटतं हे बघून.

शर्यतीचा दाखला खरा आहे. पण तिथं हलका जॉकी असतो, खाली गवत असतं, पळणं मिनिट-दीड मिनिटाचं. तरी त्या वयात नडगी दुखावणं नेहमीचंच. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर होणारी इंडियन डर्बी ही मोठी शर्यत तर चार वर्षांच्या घोड्यांचीच असते. वरातीत डांबरावर तासन्‌तास नाचणाऱ्या घोड्याशी याची तुलना कशी करायची?

तुमचं शिंगरू सव्वादोन वर्षांचं आहे, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेआधी तयार करायचंय, असं लिहिलंय. यंदा हातात धरूनच न्या. ‘दमत नाही’ म्हणून काम वाढवू नका. दम काही आठवड्यांत येतो, पायाच्या कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) महिने लागतात. रोज सकाळी नडगीच्या मागून हात फिरवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर त्या दिवशी काम बंद आणि डॉक्टरांना दाखवा.