लायलॅक आणि बेळगावची थंडी

बेळगावच्या माणसाच्या कुंद्याला नावं ठेवा, तो एकवेळ गिळून घेईल. पण ‘तुमच्याकडं कुठं थंडी पडते?’ एवढं म्हणू नका. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट, शिवाय ‘गरिबांचं महाबळेश्वर’, हे पाहुण्याला पहिल्या चहाच्या आतच ऐकावं लागतं. आमचे अण्णा तर ऑक्टोबर लागला की कानटोपी चढवतात आणि पंख्याखाली बसूनही काढत नाहीत.

असे हे अण्णा मे महिन्यात ताईकडं जर्मनीला गेले आणि तिथल्या लायलॅक नावाच्या फुलझाडाचा वास डोक्यात भरून परत आले. जांभळे घोस, पत्त्यातल्या बदामासारखी पानं, कुंपणाकुंपणाला लगडलेलं, कोणी ढुंकून बघत नाही म्हणे. ताई फोनवर म्हणाली, “अण्णा, त्याला कडक थंडी लागते हो.”

“मग? आम्ही काय राजस्थानात राहालोय काय?”

झालं. ऑनलाइन मागवलेलं रोप आलं. काडी होती, पण अण्णांनी तिला पाटावर ठेवायचंच बाकी ठेवलं. आमच्या टिळकवाडीची लाल माती पडली आंबट, आणि लायलॅकला हवी थोडी चुन्याची. म्हणून आजीच्या पानाच्या डब्यातला चुना गेला. पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबलं की ते कुजतं. म्हणून जून ते सप्टेंबर कुंडी पडवीत आणि माझी स्कूटर पावसात. पानांवर पांढरी पूड धरली, तेव्हा अथणीचे मामा आले होते. त्यांची द्राक्षबाग. त्यांनी पान चोळलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, “दाजी, भुरी हाय ही. गंधक मारा.” मग आठवडाभर घराला असा वास, की कोणी लायलॅकच्या सुगंधाचा विषय काढला नाही.

खरी परीक्षा डिसेंबरात. या झाडाला पानं गाळून झोपावं लागतं, आणि झोपही साधीसुधी नव्हे. पारा ७ अंशांखाली, असे सुमारे हजार तास भरले तर वसंतात कळी उमलते. बेळगावात ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा १४च्या आसपास. मी आकडे दाखवले. अण्णा म्हणाले, “तो थर्मामीटर तिकडं सांबऱ्याच्या विमानतळावर आहे. आपल्या परसात येऊन बघ म्हणावं.”

आधी झाडाला निर्जळी घडली. कॅलिफोर्नियात गरम हवेसाठी ‘लॅव्हेंडर लेडी’ नावाची जात काढलीय आणि तिथले लोक हिवाळ्याआधी पाणी तोडून झाडाला झोपवतात, असं अण्णांनी वाचलं होतं. आमचं झाड झोपेना. मग बर्फ. रोज रात्री फ्रीजमधले सगळे ट्रे कुंडीत रिकामे. आईची सोलकढी कोमट, माझं सरबत कोमट, कुंडी तेवढी गार. शेतकी शिकणारा पुतण्या हसून म्हणाला, “आजोबा, थंडी मुळाला नाही, कळीला लागते.” त्याला वाटलं, आता बर्फ थांबेल. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फांदीला बर्फाची एकेक पिशवी लोंबत होती. सलाइन लावल्यासारखं दिसत होतं बिचारं.

शेजारच्या कन्नड आजी कुंपणावरून रोज बघत. एकदा न राहवून म्हणाल्या, “सुम्म मल्लिगी हच्च्री!” गुमान मोगरा लावा. बोलल्या ते रास्तच. मोगरा, जाई, पारिजातक आणि लायलॅक, सगळे एकाच ऑलिव्हच्या कुळातले. आमच्याच परसात पारिजातक रोज सकाळी फुलांचा सडा टाकतो. न चुना, न गंधक, न बर्फ. पण त्याचं कौतुक कोण करणार? तो पडला घरचा.

परवा फ्रीजवाल्याला बोलावणं गेलं. माळ्यावरचा जुना फ्रीज चालू करायचा, आतल्या जाळ्या काढायच्या, कुंडी आत ठेवायची. एकदाची पानं गळली की झोपलेल्या झाडाला उजेड लागत नाही, असा अण्णांचा अभ्यास. त्या भल्या माणसानं सगळं शांतपणे ऐकलं, कॉम्प्रेसरवर टिचकी मारली आणि म्हणाला, “काका, ह्याला गॅस भरण्यापेक्षा झाड उटीला न्हेऊन ठेवा की. स्वस्तात पडंल.”

आम्ही सगळे हसलो. अण्णांनी कानटोपी सारखी केली आणि मला विचारलं, “उटीला हुबळीवरनं थेट गाडी आहे काय रे?”