मुलं वर्गात येत नाहीत? सरांना शाल घाला!

कॉलेजात मुलं येत नाहीत, आली तरी कँटीनच्या पुढे सरकत नाहीत, ही काळजी तुम्हालाही पोखरत असेल. तुम्ही प्राचार्य असा, आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे, समन्वयक असा, नाहीतर संस्थेच्या चिटणीसांचे जावई असा, उपाय एकच. मुलांच्या वाटेला जाऊ नका. सरांना पुरस्कार द्या.

नाव भारदस्त हवं. 'विद्यार्थी सहभाग प्रेरणा पुरस्कार' झकास. कोणाला कसली प्रेरणा मिळाली, हे कोणी विचारत नाही.

अर्ज ज्याचा त्याने भरायचा. यात लाजायचं काय? २०१८ पासून राष्ट्रीय पुरस्कारालाही शिक्षक स्वतःच अर्ज करतात. तुम्ही फक्त फायलीची जाडी बघा. वर्षभर फाईलच लावत बसलेला माणूस वर्गात गेला कधी, असले खवचट प्रश्न समितीत निघू देऊ नका.

पात्रतेत 'कायमस्वरूपी' हा शब्द ठळक टाका. नाहीतर युवा महोत्सवाच्या एकांकिकेसाठी रात्री आठपर्यंत मुलांबरोबर थांबणारी तासिका तत्त्वावरची मॅडम पुरस्कार घेऊन जाईल, आणि माईक हातात आला की दिवाळीपासून थकलेल्या मानधनाचं विचारेल. पाहुण्यांसमोर!

मुलांचं मत हवंच असेल तर गूगल फॉर्म काढा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात २१ प्रश्न असतात, तुम्हाला दोन पुरे: सर चांगले आहेत का, आणि किती?

आता समारंभ. शिक्षक दिन ५ सप्टेंबरला असला तरी तुमचा कार्यक्रम पाहुण्यांच्या सवडीने, आणि शक्यतो तास चालू असतानाच ठेवा. परवा आमच्याकडे ठेवला होता. एसवायचं प्रॅक्टिकल चालू होतं. ब्युरेट भरलेल्या, फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब पडलेले. जूनपासून तोंडातून शब्द न काढलेली एक मुलगी चक्क ओरडली, "मॅडम, गुलाबी येतंय आणि परत जातंय, असं का?" तेवढ्यात दारात शिपाईकाका. "मॅडम, सगळ्यांना हॉलमध्ये सोडायला सांगितलंय. खुर्च्या रिकाम्या दिसतायत." सोडली. बाराचे पाहुणे दीडला आले. मुलं पळू नयेत म्हणून हॉलला बाहेरून कडी. जागेची नोंद असलेला जिओटॅग फोटो नीट येईना म्हणून टाळ्या तीनदा. सत्कारमूर्तींनी भाषणात 'आजची पिढी प्रश्नच विचारत नाही' अशी खंत व्यक्त केली. स्मृतिचिन्हावरच्या नव्या स्टिकरखालून गेल्या वर्षीच्या विजेत्याचं आडनाव डोकावत होतं, ते सोडा.

कडी लावता? अहो, मतदान करणारी मुलं आहेत ती, गोठ्यातली जनावरं नव्हेत! सहभागाचा पुरस्कार द्यायला चालू प्रयोगावरून मुलांना उठवता आणि वर त्यांनाच ऐकवता? ती का येत नाहीत, हे एकदा तरी त्यांना विचारलंत? आमची कितीतरी मुलं दुपारी दुकानात, पंपावर कामाला जातात. गावाकडची एसटी चुकली की दिवस गेला. त्यांना सलग तास हवेत आणि तुम्ही आठचा एक, साडेअकराचा एक असं वेळापत्रक लावता. अभ्यासिका पाचला बंद. निम्म्या विषयांना कायम शिक्षक नाही. यातलं एक काम करा, शाल मी स्वतः आणून घालते.

आणि आधी त्या तासिकावाल्या मॅडमचे थकलेले पैसे काढा. मंडपवाल्याचं बिल बरं दुसऱ्याच दिवशी निघालं!