सीमाप्रश्न राष्ट्रीय सुरक्षा परिषदेकडे गेलेला नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. वर तिरंगा, खाली ‘दिल्लीतून आतली बातमी’. त्यात तीन दावे आहेत. राष्ट्रीय सुरक्षा परिषद २०१४ नंतर स्थापन झाली, त्याआधी देशाकडे असं काही नव्हतंच. ही परिषद सैन्याला थेट हुकूम देते आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार तिन्ही दलप्रमुखांच्या वर असतो. आणि आता महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न याच परिषदेकडे सोपवलाय, तेव्हा सुप्रीम कोर्टाची वाट बघायची गरज नाही. तिन्ही दावे चूक आहेत, आणि तिसरा तर आपल्या मुळावर येणारा आहे.

आधी साल बघू. अशी परिषद पहिल्यांदा काढली ती व्ही. पी. सिंग सरकारनं, १९९० मध्ये. ती एकदाच बसली, सरकार पडलं आणि परिषदही बारगळली. पुढं मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या. त्याच्या थोडं आधी वाजपेयी सरकारनं के. सी. पंत यांच्या अध्यक्षतेखाली एक कार्यदल नेमलं होतं. जसवंत सिंग आणि जसजित सिंग त्यात होते. त्यांच्या शिफारशींनंतर नोव्हेंबर १९९८ मध्ये आजची परिषद उभी राहिली आणि ब्रजेश मिश्र पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. गुप्तवार्तांचा एकत्रित अंदाज घेणारी संयुक्त गुप्तवार्ता समिती आधीपासून होतीच, तिचंच परिषदेचं सचिवालय झालं.

वर्षभराच्या आत कारगिल झालं. युद्ध संपताच, जुलै १९९९ मध्ये, के. सुब्रह्मण्यम यांची आढावा समिती बसली. तिनं स्पष्ट लिहिलं की परिषदेला पूर्णवेळ सल्लागार हवा. तेव्हा मिश्र पंतप्रधानांचे प्रधान सचिवही होते, दोन्ही कामं एकाच माणसाकडे. २००४ मध्ये जे. एन. दीक्षित आले तेव्हा ही पदं वेगळी झाली. त्यांच्यानंतर एम. के. नारायणन, मग शिवशंकर मेनन, आणि २०१४ पासून अजित डोवल. म्हणजे डोवल हे पाचवे. ज्यांनी ही व्यवस्था उभी केली त्यांची नावं पुसून टाकणं मला पटत नाही, सरकार कुठल्याही पक्षाचं असो.

आता हुकुमाची गोष्ट. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात आहे. इथल्या कुठल्याही निवृत्त सुभेदाराला विचारा, हुकूम कुठून कुठं उतरतो ते तो सांगेल. त्या साखळीत परिषद नाही. ती सल्ला देते. निर्णय होतो सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीत. घोळ होतो तो यामुळं, की पंतप्रधान, गृह, संरक्षण, परराष्ट्र आणि अर्थमंत्री दोन्हीकडे तेच असतात. पण पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, तो या मंत्रिमंडळ समितीचा होता.

सल्लागार दलप्रमुखांच्या वर, हा समज कशातून आला असावा तेही सांगतो. २०१८ पासून ‘स्ट्रॅटेजिक पॉलिसी ग्रुप’चं, म्हणजे परिषदेला धोरणात मदत करणाऱ्या गटाचं, अध्यक्षपद कॅबिनेट सचिवांकडून सल्लागाराकडे आलं, आणि त्या गटात तिन्ही दलप्रमुख बसतात. पण बैठक चालवणं म्हणजे फौज चालवणं नव्हे. अण्वस्त्रांचंच बघा. २००३ च्या रचनेप्रमाणे अण्वस्त्रांसाठी दोन वेगळ्या परिषदा आहेत; त्यातल्या कार्यकारी परिषदेचा अध्यक्ष सल्लागार असतो, पण वापराची परवानगी देऊ शकते ती पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषदच.

राहिला सीमाप्रश्न. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ नुसार संसदेचा. दोन राज्यांमधला वाद कलम १३१ नुसार सुप्रीम कोर्टाचा, आणि महाराष्ट्रानं तिथं २००४ मध्ये दावा दाखल केलाय. १४ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली ती केंद्रीय गृहमंत्र्यांनी बोलावलेली होती. निकाल लागेपर्यंत कुणीही दावे पुढे रेटायचे नाहीत आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी मिळून बसायचं, असं तिथं ठरलं. सुरक्षा परिषदेचा यात कुठंच संबंध नाही.

आणि संबंध यावा असं आपल्याला वाटूही नये. ती परिषद शत्रूराष्ट्रं, दहशतवाद, अण्वस्त्रं यांचा विचार करते. आपण मागतोय काय? सरकारी परिपत्रकं आणि जमिनीचे उतारे मराठीत मिळावेत, पोराला चौथीपर्यंत तरी आपल्या भाषेत शिकता यावं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं कलम ३५० अ राज्यांना सांगतंच. १९५६ पासून इथल्या माणसांनी सत्याग्रह केले, लाठ्या खाल्ल्या, हुतात्मे दिले, ते लोकशाहीतली मागणी म्हणून. तीच मागणी देशाच्या सुरक्षेचा मामला आहे असं आपणच ग्रुपवर ओरडून सांगू लागलो, तर उद्या मोर्चाची परवानगी नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला दुसरं कारण शोधावं लागणार नाही. म्हणून हा मेसेज ज्यानं पाठवला त्याला उलट एवढंच विचारा: कोर्टातला दावा मागे घेतलाय का, आणि घेतला असेल तर कुठल्या तारखेला?