इनह्यूमन्स, हिमालय आणि एक बिनडोक फॉरवर्ड

माझी भाची चित्रकला शिकते. परवा तिने मला एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, 'मामा, म्हणजे कॉमिकमध्ये चित्रं काढणाऱ्याला तसं काही महत्त्व नसतंच ना?' तोच मजकूर त्याआधी दोन-चार ग्रुपांवर पाहून मी सोडून दिला होता. आता सोडवत नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्यांच्यासाठी सारांश. मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीचे इनह्यूमन्स, म्हणजे जगापासून लपलेल्या अ‍ॅटिलन नगरीतली महाशक्तीधारी जमात, ही म्हणे २०१३-१४ च्या सुमारास मार्व्हलच्याच एक्स-मेन या महाशक्तीधारी टोळीला पर्याय म्हणून तयार केली. मूळ कल्पना एकट्या लेखक-संपादक स्टॅन लीची, चित्रकार जॅक कर्बीने 'फक्त सांगितलं तसं काढून दिलं'. अ‍ॅटिलन हिमालयात आहे, म्हणजे ते आपलं ज्ञानगंज, हिमालयातली सिद्धांची गुप्त नगरी, चोरलेलं. तिथे जन्मजात गुणांनुसार कामं वाटलेली असल्यामुळे तो आदर्श समाज. आणि शेवटी सल्ला: जुने अंक वाचण्यात वेळ घालवू नका, टीव्ही मालिका पाहिली की सगळं कळतं.

यातला पहिलाच मुद्दा दुसऱ्याशी भांडतो. २०१३ मध्ये स्टॅन ली नव्वदीत होता आणि कर्बीला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. लिहिणाऱ्याने स्वतःचं लिखाण तरी परत वाचायचं.

तारखा सरळ आहेत. इनह्यूमन्सपैकी मेडुसा आधी आली, 'फँटॅस्टिक फोर' या मार्व्हलच्या चौकडीच्या मालिकेच्या ३६व्या अंकात, मार्च १९६५. तेव्हा ती नुसती खलनायिका, पुढे तिच्यामागे अख्खी नगरी उभी राहणार आहे याचा मागमूस नाही. नोव्हेंबरच्या ४४व्या अंकात गॉर्गन तिला शोधत येतो. ४५व्यात क्रिस्टल, कार्नाक, ट्रायटन आणि कपाळावर शिंगासारखा अँटेना असलेला तो अवाढव्य कुत्रा लॉकजॉ. ४७व्यात लपलेली नगरी आणि तिची गादी बळकावून बसलेला राजाचा वेडा भाऊ मॅक्सिमस. मार्व्हलचं दुसरं लपलेलं राज्य, ब्लॅक पँथरचं वाकांडा, त्यानंतरचं, जुलै १९६६.

अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. एक्स-मेनच्या सिनेमांचे हक्क फॉक्स या दुसऱ्या स्टुडिओकडे असताना मार्व्हलने इनह्यूमन्सना जोर लावून पुढे ढकललं. २०१३ च्या कथेत इनह्यूमन्सचा राजा ब्लॅक बोल्ट याने टेरिजन धुकं, म्हणजे अंगातल्या सुप्त शक्ती जागं करणारं धुकं, जगभर सोडलं, जिकडेतिकडे नवे इनह्यूमन्स उगवले, मिस मार्व्हल झालेली कमला खान त्यातलीच. २०१४ मध्ये सिनेमाही जाहीर झाला, तो कधी आलाच नाही. एक्स-मेनची जागा भरायचा प्रयत्न होता हे म्हणणं चुकीचं नाही. पण जुन्या वाड्यात नवा भाडेकरू आला म्हणून वाडा काल बांधला असं कुणी म्हणत नाही.

आता तो 'फक्त काढून दिलं' वाला मुद्दा. भाचीच्या डोक्यात जाऊन बसलाय तो हाच.

त्या काळी मार्व्हलमध्ये काम कसं चालायचं ते आधी समजून घ्या. पूर्ण पटकथा आधी लिहून चित्रकाराच्या हाती देण्याची पद्धत तिथे नव्हती. ली आणि चित्रकार कथेबद्दल बोलायचे, कधी एखादं पान टिपण असायचं, कधी तेवढंही नाही. मग चित्रकार घरी बसून वीस पानांची गोष्ट चौकटींत मांडायचा. कोण कुठून येतो, मारामारी कुठे थांबते, कोणतं पान कुठे उलटतं, हे सगळं पेन्सिलीने ठरायचं. कर्बी तर चौकटींच्या बाहेर समासात टिपणंही लिहायचा: इथे काय चाललंय, कोण काय म्हणतोय. ती पानं परत आली की ली फुग्यांत संवाद भरायचा आणि अंकावर लेखक म्हणून नाव लीचं. (पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवणारा या काळात जो सिनॉट, ४४व्या अंकापासून, आणि त्याच्यावरही कुणीतरी लिहायला हवं.)

फॉरवर्डवाल्याला कर्बीच्या बाजूचे साक्षीदार नको असतील तर खुद्द लीला घ्या. मार्च १९६६ च्या ४८व्या अंकात पहिल्या काही पानांत इनह्यूमन्सची गोष्ट आटोपते आणि ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसची सुरू होते. त्यात सर्फबोर्डवर उभा राहून अंतराळातून येणारा चंदेरी माणूस आहे, सिल्व्हर सर्फर. आपण असा कुणी सांगितलाच नव्हता, कर्बीची पानं आली तेव्हा पहिल्यांदा पाहिला, हे लीने स्वतः अनेकदा सांगितलंय. त्याच अंकात, त्याच हाताने. मग त्या आधीच्या पानांत मात्र तो हात नुसता हुकूम पाळत होता म्हणायचं?

आणि अ‍ॅटिलन? कर्बी आणि जो सायमन या जोडीच्या 'कॅप्टन अमेरिका कॉमिक्स'चा पहिला अंक काढा, मार्च १९४१. मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या थोबाडावर ठोसा मारतोय, ते चित्र सगळ्यांना ठाऊक असतं. आतल्या पानांत टक नावाच्या अश्मयुगीन पोराची छोटी गोष्ट आहे, ती फारसं कुणी वाचत नाही. हा पोरगा जे बेट शोधत निघालाय, देवांचं बेट, त्याचं नाव अ‍ॅटिलन. इनह्यूमन्सच्या चोवीस वर्षं आधी! स्टॅन ली तेव्हा त्या कचेरीत पडेल ते काम करणारा पोरगेला मदतनीस होता, त्याचं पहिलं छापील लिखाण त्याच मालिकेच्या तिसऱ्या अंकात आलं. नावात सायमनचा वाटा किती, कर्बीचा किती, यावर खुशाल भांडा. लीचा नव्हता.

पुढे बघा. १९७० मध्ये कर्बी मार्व्हल सोडून डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला आणि तिथे न्यू जेनेसिस आणि अपोकलिप्स ही देवांची दोन जगं उभी केली. मग मार्व्हलला परतला आणि १९७६ मध्ये 'द इटर्नल्स' सुरू केलं. माणसांच्या डोळ्यांआड हजारो वर्षं राहिलेली अमर जमात, डोंगरात लपलेलं त्यांचं नगर. लेखन कर्बी, चित्र कर्बी, संपादनही कर्बी. ली कुठेच नाही. कल्पना दुसऱ्याची असती तर हा माणूस एकटा असतानाही पुन्हा पुन्हा त्याच दाराशी का गेला असता?

लीचं श्रेय काढून घ्यायचं नाही मला. फँटॅस्टिक फोरमधल्या द थिंगचे टोमणे, त्या चौघांची घरगुती कटकट, वाचकाशी गप्पा मारणारा तो सूर, हे त्याचं आणि ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पण इनह्यूमन्सचा राजा कोण? ब्लॅक बोल्ट. ज्याच्या नुसत्या कुजबुजीने डोंगर हादरतात, म्हणून तो बोलतच नाही. त्याच्या तोंडी फुगाच नसतो. आता सांगा, ज्या पात्राला एकही संवाद नाही ते पात्र संवाद लिहिणाऱ्याने घडवलं की उभं राहण्याची ढब, मूठ आणि डोळे काढणाऱ्याने?

'चित्रकार काय, सांगू ते काढतो' ही समजूत निरुपद्रवी नाही. १९८०च्या दशकात मार्व्हल चित्रकारांना त्यांची मूळ पानं परत देऊ लागलं, तेव्हा इतरांना सहीसाठी एक पानाचा कागद होता. कर्बीला हक्क सोडून देण्याचा चार पानांचा दिला. १९८७ मध्ये पानं मिळाली, ती हजारोंपैकी थोडीच. पात्रांच्या हक्कांवरचा कर्बीच्या वारसांचा दावा दोन न्यायालयांत फेटाळला गेला आणि २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालय प्रकरण ऐकायचं की नाही हे ठरवण्याच्या तोंडावर, तडजोड झाली. त्यानंतर कुठे नावं जोडीने दिसू लागली.

हिमालयाचं थोडक्यात. हो, पुढच्या कथांत अ‍ॅटिलन हिमालयात होतं. पण त्या कथांतल्याच इतिहासानुसार ते मुळात अटलांटिकमधल्या बेटावर वसलं, नंतर हिमालयात हललं आणि १९८२ मध्ये तिथल्या प्रदूषित हवेने प्रजा आजारी पडू लागल्यावर सगळी नगरी चंद्रावर नेली. चोरीचा माल इतका फिरवत नाहीत. आणि हिमालयाच्या आसपास लपलेलं अद्भुत ठिकाण अमेरिकन वाचकाला १९३३ पासून 'लॉस्ट होरायझन' कादंबरीतल्या शांग्री-लाच्या रूपाने तोंडपाठ होतं. त्यासाठी कुणाला ज्ञानगंज शोधायला यावं लागलं नाही.

'आदर्श समाज' हे वाक्य वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. महाराष्ट्रात राहून 'जन्मजात गुणांनुसार कामं' असं कौतुकाने लिहिणाऱ्याला काय म्हणावं? अ‍ॅटिलनमध्ये अल्फा प्रिमिटिव्ह नावाचा वर्ग आहे, राबण्यासाठीच निर्माण केलेला. तो ४७व्या अंकातच दिसतो. १९९८ ला सुरू झालेल्या लेखक पॉल जेन्किन्स आणि चित्रकार जे ली यांच्या बारा अंकी मालिकेत तर टेरिजन धुक्यातून बाहेर आलेला एक पोरगा, वॉझ, अल्फाच होऊन बसतो. काल मित्रांबरोबर उंडारणारा मुलगा आज गुलामांच्या रांगेत, आणि नगरी मान खाली घालून पुढे जाते. ते वाचून कुणाला आदर्श वाटत असेल तर दोष कॉमिकचा नाही.

मूळ कथेतच या श्रेष्ठपणाची हवा काढलेली आहे. माणसं मरतील आणि इनह्यूमन्स तेवढे वाचतील असं यंत्र मॅक्सिमस चालवतो. कुणीच मरत नाही, कारण दोघे एकाच वंशाचे. मग त्याच यंत्राने तो नगरीभोवती भिंत उभी करतो आणि स्वतःच्याच लोकांना आत कोंडतो.

राहिली २०१७ ची टीव्ही मालिका. आठ भाग. पहिल्याच भागात मेडुसाचं डोकं भादरलंय, म्हणजे जिची शक्ती केसांत तिचे केसच नाहीत. भाचीला मी ४४ ते ४८ हे अंक एकत्र असलेला संग्रह दिलाय. फुगे न वाचता एकदा नुसती चित्रं बघ म्हटलंय, मग फुग्यांसकट.