खुलासा: ओपन सोर्ससाठी कोडिंग यायलाच हवं, हे खरं नाही

"सी प्लस प्लस येत नसेल तर ओपन सोर्सच्या वाटेला जाऊ नका" असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, आणि सी प्लस प्लस ही कोड लिहायची एक भाषा. उत्तम मराठी लिहिणारी माणसं असल्या मेसेजमुळे दारातूनच परत फिरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

लिबरऑफिसचंच घ्या. पत्रं लिहायला, तक्ते करायला वापरायचं हे सॉफ्टवेअर, २०१० साली ओपनऑफिस या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं झालेलं. त्याचं भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या ऑनलाइन साधनावर, साध्या ब्राउझरमध्ये होतं. मूळ इंग्रजी वाक्य समोर, त्याखाली रिकामी चौकट. 'सेव्ह'ला 'जतन करा' म्हणायचं की 'साठवा', हे ठरवायला मराठीचा कान लागतो, कोडिंग नाही. मधेच टक्केचिन्ह आणि आकडा अशी खूण दिसली तर ती बदलायची किंवा पुसायची नाही. प्रोग्राम तिथे फाइलचं नाव किंवा संख्या भरतो. मराठी वाक्यात ती योग्य जागी सरकवली तर चालते, पुसली तर माहितीच गायब होते.

चुका कळवणं हेही योगदानच. 'दुसऱ्या'मधला ऱ्य एखाद्या फॉन्टमध्ये तुटला, तर तो मराठी वाचणाऱ्यालाच आधी खटकणार. फॉन्ट कोणता, आवृत्ती कोणती, नेमकं काय टाइप केलं, एवढं लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा. "मराठी नीट दिसत नाही" एवढ्यावर कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही.

लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचा, कोड बदलायचा असेल तर मात्र बहुतेक ठिकाणी सी ही भाषा यावी लागते, आणि तीही सी प्लस प्लसहून वेगळी. काही कामांना कोडिंग लागतं, मेसेजमध्ये खरं आहे ते इतकंच.